काशीरामची गोल्फ-गाडी आणि उपाशी बॅटरी

"सुरतेत गुन्हेगार दोघांनाच घाबरतो," लोटू बडगुजर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "एक पोलीस आणि दुसरा मी. पोलिसांची त्याला सवय होते, माझी होत नाही. डोळा म्हणशील तर घारीचा, कान हरणाचे, आणि नाक..."

"नाकाला रुमाल लावा, दाजी. गळतंय," गोपाल म्हणाला.

गोपाल हा लोटूंचा मेव्हणा, एम्ब्रॉयडरी मशीनवरचा कारागीर आणि नाइलाजानं लोटूंचा सहायक. हे पद त्याला बहिणीनं, म्हणजे लोटूंच्या बायकोनं, दिलं होतं. "तू त्यांच्यासोबत जात जा बाबा," रूपाली म्हणाली होती. "ते स्वतःच हरवले तर शोधायला कोण जाईल?"

लोटूंनी तीस वर्षं गिरणीत कापड तपासलं. शंभर मीटरच्या ताग्यात एक धागा तुटलेला असला तरी आपला डोळा तिथं अडायचा, असं ते सांगत. एकदा मात्र अख्खा तागा उलट्या छपाईचा, हत्तींचे पाय वर आणि पाठी खाली, त्यांच्या हातून पास होऊन बाजारात गेला होता. ती फॅशन होती, असं ते अजून सांगतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'लोटू बडगुजर, गुप्त तपासनीस' अशी दोनशे कार्डं छापली आणि तीन लग्नांत नि एका बारशात वाटून टाकली. त्यामुळे गुप्त तपासनीस कोण, हे त्यांच्या डिंडोली वस्तीत आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आजवरची त्यांची मोठी केस म्हणजे देवळातून गेलेल्या चपलांची. त्या दोन दिवसांत सापडल्या. लोटूंच्याच पायात होत्या.

तर त्या गुरुवारी टपरीवर काशीराम आला. तोंड उतरलेलं.

"लोटूभाऊ, माझी गाडी रोज संध्याकाळी जेवायला बसते आणि सकाळी उपाशी उठते. कोणीतरी तिची लाइट चोरतंय."

काशीरामची गाडी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे. डुमसकडच्या एका फार्महाऊसवाल्यानं काढून टाकलेली गोल्फ-गाडी त्यानं आणली होती. अख्ख्या तापीतीर सोसायटीत गोल्फ कशाशी खातात हे कुणाला माहीत नव्हतं. (तापीतीरावरून तापीही दिसत नाही, ते सोडा.) पण काशीरामची माय धुरपदाबाई चौऱ्याऐंशीची. गुडघे संपलेले. रिक्षात तिला चढता येत नाही, मोटारीत जीव घुसमटतो. या गाडीला ना दार ना काच, बसायला अगदी ओटा. काशीरामनं ती हौसेनं मायच्या मापाची करून घेतली. चढायला वीतभर उंचीची जादा पायरी वेल्ड केली. धरायला न्हाव्याच्या जुन्या खुर्चीचा हात बसवला. पानाच्या डब्याला खण केला. छताला साडीची जरीची लेस लावली, ट्रकचे आरसे लावले, दोन स्पीकर आणि एक पंखा लावला. मागच्या पडद्यावर गोपालनं मशीनवर मोर भरून दिला होता. मोराची चोच जरा पोपटाची झाली होती, पण धुरपदाबाईला तो फार आवडला.

हे सगळं कशासाठी, तर कानबाईसाठी, खानदेशच्या श्रावणातल्या देवीसाठी. येत्या रविवारी घरोघरी कानबाई बसणार आणि सोमवारी सकाळी मिरवणुकीनं तळ्यावर विसर्जनाला जाणार. खानदेशी माणूस दुबईत असला तरी त्या सोमवारी त्याचे पाय शिवशिवतात. धुरपदाबाईनं गेली दोन वर्षं मिरवणूक घरात बसून फक्त ऐकली होती. यंदा काशीरामनं तिला शब्द दिला होता.

"खुर्चीत बसवून चौघं उचलून नेऊ म्हटलं, तर ऐकत नाही," काशीराम म्हणाला. "म्हणते, उचलीसन नेतस ते एकदाच, माले आजून घाई नही."

गोपालला हसू आलं आणि मग आलं नाही. ही केस दाजींच्या हाती द्यावी का, असं त्याच्या मनात आलं. पण दाजी उठलेसुद्धा होते.

पार्किंगमध्ये लोटूंनी गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या. सीट उचलून आत डोकं घातलं. बराच वेळ घुमल्यावर विचारलं, "गोपाल, पेट्रोलची टाकी कुठाय?"

"टाकी नसते, दाजी. ही बॅटरीवर चालते."

लोटूंनी सीट खाली टाकली. "बघितलंस चोर किती पोचलेला आहे? पेट्रोल नेलं ते नेलं, वर टाकीही नेली."

"ती कंपनीतूनच अशी आलीय."

"म्हणजे कंपनीही सामील," लोटूंनी वहीत टिपलं.

काशीरामनं धीरानं सगळं सांगितलं. पहिला महिना गाडी झकास चालली. दहा दिवसांपासून हे सुरू झालं. उधन्याच्या मिस्त्रीला बोलावलं, तो गाडी टेम्पोत घालून घेऊन गेला, त्याच्याकडे चार्ज केली की भरते. "बॅटरी तो एकदम बराबर छे, काका," म्हणाला आणि परत आणून दिली. दोन दिवस पळाली, पुन्हा मेली.

"चार्जिंग कुठं करता?"

"पूर्वी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर टाकायचो. आता हे बघा." काशीरामनं अभिमानानं भिंतीकडे बोट केलं. तिथं लाकडी मुठीचा मोठा लोखंडी खटका होता. तो कामाला होता तो जुना लूमचा कारखाना मोडीत निघाला, तेव्हा तिथला हा मेन स्विच त्यानं भंगारातून उचलून आणला होता. "एकतीस वर्षं माझ्या हाताखाली होता. गाडीला शोभेल असं चार्जिंग नको का?"

लोटूंनी भिंग काढून खटका न्याहाळला. "मजबूत आहे. याचा काही संबंध नाही," असं म्हणून त्यांनी भिंग खिशात घातलं.

मग उलटतपासणी सुरू झाली. पहिला संशयित समोरचा विकास, कारण त्याच्या स्कूटरची सावलीची जागा गाडीनं खाल्ली होती.

"भांडण झालं होतं?"

"झालं होतं. मिटलं."

"कसं?"

"काकांनी मला गाडीतून दूध आणायला नेलं. मजा आली."

लोटूंनी वहीत लिहिलं, 'मजा आली. संशयास्पद.' विकासची बायको धनश्री मात्र पहिल्याच प्रश्नाला फुटली. दुपारी गाडीत बसून, दिवे लावून, ती मोबाइलवर रील काढत होती. "सात मिनिटं हो, काका! तेही मोर दिसावा म्हणून." सात मिनिटांत एवढी गाडी रिकामी होत नाही हे गोपालनं हिशेबानं दाखवलं. लोटू म्हणाले, हिशेब चोराचाही पाठ असतो.

शेवटी ते पार्किंगच्या तोंडाशी बाजेवर वाती वळत बसलेल्या धुरपदाबाईकडे गेले. ती रोज संध्याकाळी तिथंच बसायची.

"माय, गाडीजवळ कोणी परका येतो का?"

"नही रे भो."

"कोणी अनोळखी बाई?"

"नही."

"एखादा संशयास्पद, गळ्यात रुमाल बांधलेला..."

"नही म्हनं ना!"

लोटू गोपालच्या कानाशी लागले. "वय झालंय. दिसत नसेल बिचारीला."

"तुन्हा पायजमानी नाडी लोंबस, ती बरी दिसस माले," धुरपदाबाई म्हणाली.

शनिवारी लोटूंनी आपलं ब्रह्मास्त्र काढलं. चार्जिंग लावून काशीराम घरात गेल्यावर त्यांनी गाडीला, वायरीला आणि चार्जरला बारीक सुताचे बावीस वेढे दिले. "माणूस खोटं बोलेल, सूत बोलणार नाही," ते म्हणाले. रविवारी सकाळी येऊन बघतात तर बावीसही वेढे शाबूत आणि गाडीच्या काट्यावर शेवटची एकच रेघ, तीही लाल.

"चोर आला, सुताला न शिवता लाइट नेली," लोटू पुटपुटले. "गोपाल, हा माणूस नाही. ही टोळी आहे."

घरात काशीरामची बायको प्रभावती कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांच्या गडबडीत होती. गोपाल पाणी प्यायला आत गेला, तेव्हा तिनं मायचं नवं लुगडं दाखवलं. "रोज घडी मोडून बघते आणि परत घालून ठेवते. आज मिस्त्रीचं दुकानही बंद. उद्या काय सांगू रे तिला?" गोपालनं पेला खाली ठेवला. त्याला दाजींचा राग आला, आणि मोराची चोच तरी नीट करायला हवी होती असं उगाच वाटलं.

संध्याकाळी सहाला, कानबाई बसल्यावर, लोटूंनी सगळ्यांना पार्किंगमध्ये जमवलं. रहस्य उलगडायचं तर माणसं गोल बसलेली लागतात, असा त्यांचा दंडक होता. प्रभावती हाताला पीठ तसंच घेऊन आली. धुरपदाबाई बाजेवर होतीच.

"या गोलात," लोटूंनी सुरुवात केली, "एक गुन्हेगार बसला आहे!"

"लवकर सांगा, भाऊजी. तव्यावर पोळी आहे," प्रभावती म्हणाली.

लोटूंनी पेट्रोलच्या टाकीपासून धरलं. मग कंपनीवर आले, तिथून टोळीवर. वीस मिनिटं झाली. काशीरामला काही ते ऐकवेना. तो उठला, चार्जरची पिन लावली, खटका वर ढकलला. चार्जरचा हिरवा दिवा लागला. काशीरामनं रुमालानं हात पुसले आणि परत यायला वळला.

"...आणि तो गुन्हेगार आहे," लोटूंनी बोट उगारलं, "विकास!"

"हे?" धनश्री ओरडली. "अहो, यांना घरातल्या पंख्याचं बटण सापडत नाही!"

"हाऊ दखा," धुरपदाबाई शांतपणे म्हणाली. "यानी परत पाडा."

सगळे तिकडे वळले. हिरवा दिवा विझला होता. खटका खाली होता. खटक्याच्या मुठीवर काशीरामचा हात होता.

"काय पाडलं?" काशीरामनं विचारलं.

"खटका. रोजच पाडस ना तू."

"मी? मी कशाला पाडू? वेड लागलंय का मला?"

"पुन्हा लावा बघू," प्रभावती म्हणाली.

काशीरामनं चिडून खटका वर केला. दिवा लागला. तो वळला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याचा उजवा हात आपसूक मागे गेला आणि मूठ धरून खाली आला. खट्. काशीराम त्या हाताकडे बघतच राहिला.

प्रभावतीनं कपाळाला हात लावला, पिठासकट. "अगं बाई! एकतीस वर्षं. सुटी झाली की कारखान्याचा मेन पाडून शेवटी बाहेर पडायचं, हे यांचंच काम. डबा विसरून आलेत, चष्मा विसरून आलेत, एकदा लग्नाचा वाढदिवस विसरलेत. मेन पाडायला एक दिवस विसरले नाहीत."

खिडकीतून चार्जिंग होत होतं तोवर ठीक होतं. ओळखीची मूठ हाती आली आणि हात कामावर रुजू झाला. सकाळी खटका खाली दिसायचा, तेव्हा काशीरामला वाटायचं बायकोनं पाडला, आणि बायकोला वाटायचं नवऱ्यानं.

"माय, तू बोलली का नाहीस गं?" काशीराम म्हणाला.

"माले वाटनं, गाडीनी तशीच रीत व्हई. तुम्ही शिकेल मानसे." तिनं लोटूंकडे बघितलं. "आनि हाऊ इचारस, परका येस का. मन्हा आंडोर, मन्हा पोऱ्या, काय परका शे?"

विकास आणि धनश्री पोट धरून हसत सुटले. काशीराम मात्र त्या जादा पायरीवर बसला. "दहा दिवस," तो म्हणाला, "दहा दिवस मीच माझ्या मायची वाट बंद करत होतो."

आता दाजी काहीतरी भलतंच बोलणार, या भीतीनं गोपाल पुढं झाला. पण लोटू काशीरामशेजारी जाऊन बसले होते.

"मनाला लावून घेऊ नका, काशीरामभाऊ," ते हळू आवाजात म्हणाले. "मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली. अजून कुणी समोरून आलं की आधी त्याच्या सदऱ्यातला दोष दिसतो, माणूस नंतर दिसतो. घरी नुसतं बसवत नाही हो."

गोपालनं दाजींकडे प्रथमच नीट बघितलं. दाजी त्याला बरे वाटले. एवढ्यात ते उठून मोठ्यानं म्हणाले, "तर अशा रीतीनं मी गुन्हेगाराला पुन्हा गुन्हा करायला भाग पाडलं!" आणि सगळं पूर्ववत झालं.

प्रभावतीनं खटका वर केला आणि त्यापुढं खुर्ची टाकून बसली. नवऱ्याला तिनं दहा हात लांब उभं केलं. तव्यावरची पोळी केव्हाच करपली होती.

सोमवारी सकाळी काट्याच्या साऱ्या रेघा हिरव्या होत्या. नवं लुगडं नेसून, पायरीवर पाय देऊन, न्हाव्याच्या खुर्चीचा हात धरून धुरपदाबाई स्वतःची स्वतः चढली. काशीराम दोन हात पुढं करून उभा होता, पण तिनं ते घेतले नाहीत. डफ वाजू लागला. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायकांच्या मागं गाडी सरकली. नाक्यावरच्या पोलिसानं आधी नंबरप्लेट शोधली, मग देवीकडे बघितलं आणि हात जोडले. लोटू पुढं गर्दी हटवत होते. त्यांना कुणी हटवत नव्हतं, एवढंच.

दोन गल्ल्यांत गाडीत आणखी तीन म्हाताऱ्या चढल्या. एकीलाही नाही म्हणायची काशीरामची छाती नव्हती. शेवटी तो स्वतःच उतरला. "आता चालवायचं कोणी?" गोपालनं विचारलं. प्रभावतीनं पदर खोचला आणि सुकाणू धरलं.

"शिलाई मशीनच आहे की. पाय दाबायचा," ती म्हणाली आणि दाबला.

काशीराम शेजारून चालत राहिला. बायका फुगड्या घालत होत्या, धुरपदाबाई बसल्या बसल्या दोन्ही हात वर करून नाचत होती. काशीरामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

तळ्यावर विसर्जन झालं. ऊन चढलं. लोक पांगायला लागले, लोटू कुणाला तरी केस पहिल्यापासून सांगत होते. प्रभावतीनं गाडी घराच्या रस्त्याकडं वळवली, तशी मागून धुरपदाबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"प्रभा, लगेच घर नको लई जाऊ," ती म्हणाली. "जरा लांबना रस्ता धर."