तिसरं कुलूप

"आता ही चिप खुद्द मलासुद्धा उघडता येणार नाही," आर्विड लाहतीने छाती फुगवून जाहीर केलं. हेच वाक्य दोन दिवसांत आपल्या गळ्याशी येणार आहे, याची त्या भल्या माणसाला कल्पना नव्हती.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात मार्लिसबाईंच्या छोट्या कारखान्यात सौनाच्या, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीच्या, भट्टीचे कंट्रोलर बनत आणि त्यांचा प्रोग्राम आर्विड लिही. गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या रोली स्कोगने त्यातला एक विकत नेला, चिपमधला प्रोग्राम जसाच्या तसा उपसला आणि स्वतःच्या नावाने खपवला. नक्कल इतकी इमानदार, की आर्विडने केलेली एक चूकही तीत शाबूत होती! तेव्हापासून कुलपाचा भुंगा त्याच्या डोक्यातून जाईना.

चिपच्या संरक्षणाला तीन पायऱ्या होत्या. पहिलीत सगळं उघडं. दुसरीत कुलूप, पण ते काढायला गेलं की आतला प्रोग्राम पुसला जायचा. मग नवा भरता यायचा. तिसरी मात्र कायमची. वाचायचं नाही, पुसायचं नाही, बदलायचं नाही. शहाणी माणसं दुसरीवर थांबतात. आर्विडने चाळीसच्या चाळीस चिपांना तिसरी ठोकली. माल सरोवराकाठच्या नव्या हॉटेलात पुढच्या शनिवारी पोचायचा होता. नाहीतर ऑर्डर रोलीच्या घशात जाणार होती.

बुधवारी मार्लिसबाई टॉवेल गुंडाळून कारखान्यातल्या सौनात बसल्या. भट्टीला वीस मिनिटांची वेळ लावली, तिच्यावरच्या दगडांवर पाणी टाकायला पळी उचलली आणि भट्टी बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा बंद.

आर्विडने धावत जाऊन आपला प्रोग्राम चाळला. चाचणी घेताना वीस-वीस मिनिटं कोण ताटकळणार, म्हणून त्याने प्रोग्राममध्ये मिनिट एका सेकंदाचं केलं होतं. ते परत साठाचं करायचं राहिलं होतं, आणि तोच प्रोग्राम आता चाळीस ठिकाणी जन्मभरासाठी कोंडला होता.

"मग उघड की," बाई म्हणाल्या.

"तेच तर, मार्लिसबाई. मी तुम्हाला सांगितलं होतं ना..."

"हो. छाती फुगवून."

मागच्या वेळी रोलीने उघडलं, आताही त्यालाच विचार, असं बाईंनी फर्मावलं. आर्विड एक कंट्रोलर आणि डोनटचा खोका घेऊन, नाक मुठीत धरून, चोराच्या दारात उभा राहिला. रोलीने कॉफी पाजली आणि दुसऱ्या दिवशी कंट्रोलर परत आणून दिला.

"दिवसभर झटलो, नाही उघडत," तो म्हणाला. "या वेळी काम चोख केलंस बाबा."

आर्विडला इतका आनंद झाला, की आत जाऊन त्याने बाईंना आधी ती शाबासकीच सांगितली. बाईंनी चिपा काढायला त्याच्या हातात सोल्डरिंगची सळई दिली.

चाळीस चिपा उपटल्या, चाळीस नव्या बसवल्या. कुलूप दुसऱ्या पायरीचं. मिनिट साठ सेकंदांचंच आहे, असं तो शपथेवर सांगू लागला. बाईंचा शपथेवर विश्वास नव्हता. प्रत्येक कंट्रोलर पुरती वीस मिनिटं चालवायचा, आणि आर्विडने आत बसून!

शनिवारी माल वेळेवर पोचला, त्यासोबत उकडलेल्या खेकड्याच्या रंगाचा आर्विडही. हॉटेलवाल्याने विचारलं, "कुलूप अगदी पक्कं आहे ना?"

आर्विडची छाती सवयीने वर आली. मग त्याने बाईंकडे पाहिलं.

"बेताचंच आहे," तो म्हणाला.