दौलताबादच्या घाटातला गोल गिअर

गाडीचा गिअर कसा असावा, हे अख्ख्या संभाजीनगरात फक्त मला कळतं, असं माझं ठाम मत होतं! शेंद्र्याला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिझायनर. तिथं मी गिअरचा दांडाच काढून टाकला आणि त्या जागी एक गोल बटण बसवलं. गुळगुळीत, आवळ्यासारखं. हात सैल सोडला की बोटं आपोआप जिथं उतरतात, नेमकं तिथं! बटण हळूच फिरवावं आणि गाडी ढगासारखी तरंगत निघावी, असं माझं स्वप्न होतं. ते मी दिवसाही बघायचो. जेवता जेवता माझी बोटं आमटीच्या वाटीवर फिरायची.

"वाटी रिव्हर्समध्ये टाकू नका, सांडेल," बायको तनुजा म्हणायची.

चाचणीची गाडी हाती आली, तशी ती थेट गारखेड्याला घरी आणली. सासरे आप्पासाहेब वैजापूरहून आलेलेच होते. त्यांना दर्शनाला वेरूळला न्यायचं ठरलं. आप्पासाहेबांचा कांद्याचा व्यापार. पांढरेशुभ्र कपडे, काळा चष्मा आणि जावयाच्या नोकरीबद्दल दाट संशय!

"जावईबापू, दांडा कुठंय?" शेजारी बसल्या बसल्या त्यांनी विचारलं.

"नाहीये! हेच तर डिझाइन!"

"बिगर दांड्याची गाडी? लई अवघड हाय."

"बाबा, त्यांना काही विचारू नका," मागून तनुजा म्हणाली. "वेरूळपर्यंत थांबायचे नाहीत."

थांबलो नाहीच! दुष्काळाचं वर्ष. शेतात काही उगवलं नव्हतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती मात्र तरारून आल्या होत्या. दौलताबादच्या घाटाचा चढ लागला. उन्हाच्या झळांमध्ये समोरचा डोंगर पाण्यातल्या सावलीसारखा हलत होता. मी बटणामुळे मनगटाला मिळणाऱ्या विश्रांतीवर बोलत होतो आणि माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता. आप्पासाहेब घामाघूम! एसीचं बटण शोधायला त्यांनी हात पुढं सैल सोडला. बोटं आपोआप जिथं उतरायची, तिथंच उतरली. बटण फिरलं.

गाडी अलगद थबकली. मग समोरचा डोंगर हळूहळू लांब जायला लागला.

"बघा, कशी तरंगतेय!" मी म्हणालो.

"अहो, आपण मागं चाललोय!" तनुजा किंचाळली.

मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन नुसतंच रेकलं. न्यूट्रल! स्टिअरिंग फिरवलं, ब्रेक आठवला, आणि गाडी रस्त्यात चक्क आडवी झाली. पाठीमागून येणारा पाण्याचा टँकर कर्रकन ब्रेक मारून आमच्या दाराला नाक लावून उभा राहिला!

टँकरच्या झाकणातून पाणी हिंदकळून रस्त्यावर सांडलं. ओल्या मातीचा वास बाजूच्या वस्तीपर्यंत कसा पोचला, देव जाणे. हंडे, कळशा, बादल्या, सगळं धावत आलं!

टँकरवाला रामकिसन उडी मारून उतरला. "ओ, दिखता नहीं क्या? रिसॉर्टच्या पोहायच्या तलावात न्यायचं पाणी हाय हे!"

तलावाचं नाव त्यानं काढायला नको होतं.

"पवायला?" हंडेवाल्या भामाबाईंनी विचारलं. "आमचा टँकर कवापासून आला नाय, अन् तुमी पवायला नेता?"

तेवढ्यात आप्पासाहेब गाडीतून उतरले. ते कपडे, तो चष्मा! गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "साहेबांनी टँकरला गाडी आडवी घातली!"

"अहो, तसं नाही, गाडी न्यूट्र..."

"गप बसा, जावईबापू," आप्पासाहेब पुटपुटले. मग हंड्यांकडं एकवार बघून खणखणीत म्हणाले, "व्हय! घातली!"

रामकिसननं घाबरून मालकाला फोन लावला. "कोणते साहेब, ते नाय माहीत. पण चष्मा लई काळा हाय!" पलीकडून काय हुकूम आला कोण जाणे, त्यानं मुकाट्यानं जाऊन मागची तोटी सोडली.

पाणी पडायला लागलं आणि सगळी गडबड विरघळून गेली. उन्हात ती धार काचेसारखी चमकत होती. बायका हळू आवाजात बोलत होत्या, तनुजा हंडे उचलून देत होती, आणि रामकिसन स्वतःच ओंजळ भरून तोंडावर पाणी मारत होता. मीही बादलीखाली हात धरला. गिअरचा विचार मनात न येता गेलेला माझा तो कित्येक महिन्यांतला पहिला तास!

निघताना भामाबाई खिडकीशी आल्या. गाडीच्या टपावरून मायेनं हात फिरवत त्यांनी आप्पासाहेबांना विचारलं, "साहेब, उद्या कवा घालताय आडवी?"

माझ्या डिझाइनला आजवर मिळालेली ही एकमेव ऑर्डर!