घाटगे पत्रसंग्रह : गोपनीय

सांगलीचे ज्येष्ठ नाट्यसमीक्षक इंद्रजितराव घाटगे यांनी आपला आयुष्यभराचा पत्रव्यवहार साताऱ्याच्या एका नाट्य अभिलेखागाराला अर्पण केला, तेव्हा आपण रंगभूमीवर मोठे उपकार करत आहोत याबद्दल त्यांना शंका नव्हती. पत्नी संयोगिताबाईंना माळा मोकळा करून हवा होता, हा निव्वळ योगायोग. शाल झाली, नारळ झाला, आणि संशोधकांची रीघ कधी लागते म्हणून इंद्रजितराव वाट पाहत बसले.

वर्ष उलटलं तरी कोणी फिरकलं नाही. शेवटी तेच साताऱ्याला गेले. तिथले अभिलेखपाल चांदसाहेब मुल्ला फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नियमात बसत नसेल तर ते शिंकही परतवत.

"साहेब, वरीसभर कुणी न वाचलेला संग्रह निष्क्रिय धरायचा, असा हुकूम हाय. निष्क्रिय माल तळघरात."

"अहो, पण तळघरात ओल आहे!"

"व्हय, लय ओल हाय. म्हणून तर तिथं कुणी वाचण्यासारखं काय ठेवत न्हाई."

इंद्रजितरावांनी खुर्ची पुढे ओढली. "काही उपाय?"

"गोपनीय म्हणून लिहून द्या. गोपनीय कागद कुणी वाचायचेच नसत्यात. तवा कुणी वाचलं न्हाई म्हणून ते तळघरात टाकता येत न्हाईत."

तर्क बिनतोड होता. इंद्रजितरावांनी तिथंच अर्ज लिहिला : 'सदर खाजगी पत्रांतील मजकूर उघड झाल्यास काही प्रतिष्ठित कुटुंबांची शांतता भंगण्याचा संभव आहे.' वास्तविक त्या पत्रांत फुकट पास, पुढच्या रांगेतली खुर्ची आणि 'आमच्या प्रयोगाबद्दल चार बऱ्या ओळी लिहा' यापलीकडे फारसं काही नव्हतं. पण वाक्य डौलदार उतरलं होतं, आणि स्वतःचं डौलदार वाक्य खोडणं त्यांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं.

पेटीवर लाखेचं सील बसलं आणि चमत्कार झाला. जिथं काळं कुत्रं येत नव्हतं तिथं पीएचडीचे विद्यार्थी आले, पत्रकार आले, मोबाइल काठीला लावून बोलणारे आले. जुन्या नटांचे चिरंजीव सांगलीच्या रस्त्यात इंद्रजितरावांना वाकून नमस्कार करू लागले. कोणी विचारलंच, तर इंद्रजितराव गूढ हसत आणि चष्मा पुसत. घरात संयोगिताबाई तेवढ्या, आपल्याच माळ्यावर कोणाची कसली पत्रं होती या संशयानं, बोलेनाशा झाल्या.

मग एका सकाळी माधवनगरच्या लीलाबाई दारात उभ्या राहिल्या. एकेकाळच्या गाजलेल्या नायिका. आता गुडघ्यांनी टेकीला आणलेलं.

"आवं इंद्रजितराव, मी तुमाला असं काय लिव्हलंतं?"

"तसं काही नाही हो लीलाबाई."

"मग ते फलटणला सांगा की! आमच्या शिवांजलीची सोयरीक तितं ठरलीया. पावणं म्हणत्यात, आजीची पत्रं सीलबंद हायेत, आदी ती बघू, मग सुपारी फोडू. पोरगी दोन घास खाईना झालीया."

इंद्रजितराव मान खाली घालून साताऱ्याच्या एसटीत बसले.

"गोपनीय पत्र लिहिणारा न् घेणारा, दोघंबी वारल्याबिगर उघडत न्हाई," चांदसाहेब म्हणाले.

"आम्ही दोघंही जिवंत आहोत."

"मग थांबावं लागंल."

"दुसरा काही मार्ग?"

"मजकूर बिनमहत्त्वाचा असल्याचं प्रतिज्ञापत्र. पण ते नाट्यक्षेत्रातल्या तज्ज्ञाचं पायजे."

मान्यताप्राप्त तज्ज्ञ एकच होते आणि ते समोरच्या खुर्चीत बसलेले होते.

इंद्रजितरावांनी कागद पुढे ओढला. दुसऱ्यांच्या नाटकांविषयी 'दखल घेण्याजोगं काही नाही' असं लिहिताना त्यांना कधी दुसरा कागद लागला नव्हता, आज तीन लागले. शेवटी त्यांनी लिहिलं : 'सदर संग्रहात दखल घेण्याजोगं काहीही नाही. पत्रलेखकांना समीक्षकाच्या मताशी कर्तव्य नव्हतं, त्याला पेपरात मिळणाऱ्या जागेशी होतं. समीक्षकालाही तेवढ्यात मोठेपणा वाटत होता.'

चांदसाहेबांनी ते दोनदा वाचलं. "एकदम पक्कं. कुटं हरकत घ्यायला जागाच न्हाई."

पेटी उघडायच्या दिवशी दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. फलटणहून नवऱ्या मुलाचे आजोबा आप्पासो फेटा बांधून आले होते. चांदसाहेबांनी परेडच्या आवाजात लीलाबाईंचं एकुलतं एक पत्र वाचलं : 'रंगपटातला पंखा बंद आहे. घामानं तोंडाचा रंग उतरतो. तेवढं पेपरात लिहा. बहिणीला पास पाठवा.'

"एवढंच?" आप्पासोंनी विचारलं.

"एवढंच."

आप्पासोंनी सुपारीला होकार दिला, पण त्यांचा चेहरा पडला. लांबून भाडं खर्चून आल्यासारखं काहीच झालं नव्हतं. गर्दी कुरकुरत पांगली.

फाटकापाशी लीलाबाई थांबल्या. "मग पंख्याचं लिव्हलंत का पेपरात?"

"नाही," इंद्रजितराव पुटपुटले. "नायिकेच्या कामात जोर नाही, असं लिहिलं होतं."

"आवं, उकाड्यानं जीव चाललावता माझा!"

इंद्रजितरावांनी रिक्षा थांबवली. त्यांनी लीलाबाईंना हात देऊन रिक्षात बसवलं.

तेव्हापासून घाटगे पत्रसंग्रह सर्वांना विनामूल्य खुला आहे. आत रंगभूमीचा थोडाफार इतिहासही आहे म्हणतात. अद्याप कोणी आलेलं नाही. तुम्ही मात्र इथवर नेटानं वाचत आलात. ते त्या इतिहासाच्या ओढीनंच. लीलाबाईंनी काय लिहिलं होतं ते कळावं म्हणून मुळीच नाही, असं आम्ही धरून चालतो.