सर्व प्रकारचे साहित्य

दारावरच्या पाटीवर नावाखाली काय लिहायचं, यावर निरीक्षकांच्या घरात तीन आठवडे खल चालला होता. निरीक्षक वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. पुड्यावर एक आणि पुड्यात दुसरं, अशांना पकडण्यात त्यांची हयात गेली. आता स्वतःच्याच पुड्यावर काय छापावं, हे ठरेना. लिहिण्याचा नाद जुना. पुस्तक मात्र एकच. त्या कथासंग्रहाच्या तीनशे प्रतींपैकी दोनशे सत्त्याऐंशी पलंगाखाली सुखरूप होत्या.

"लेखक लिहा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"एका पुस्तकावर? ती चक्क फसवणूक होईल."

"मग कवी लिहा."

"कविता चारच आहेत. त्यातली एक तुझ्यावर."

"मग तीनच धरा."

शेवटी 'साहित्यिक' ठरलं. शब्द ऐसपैस; कथा, कविता, अर्धवट राहिलेलं नाटक, सगळं त्यात मावत होतं. निरीक्षकांनी रंगाऱ्याला फोनवर बजावलं, "साहित्यिक! म्हणजे सर्व प्रकारचं, बरं का!" रंगाऱ्याच्या एका कानाशी फोन, दुसऱ्याशी ट्रकचा भोंगा. निरीक्षक दाताच्या डॉक्टरकडे गेले असताना त्यानं पाटी ठोकली. नाव चिमुकलं, आणि खाली ठसठशीत पिवळ्या अक्षरांत: सर्व प्रकारचे साहित्य.

निरीक्षक परतले तेव्हा जिन्यात अकरा माणसं उभी होती. खोटं वाटत असेल तर बारा धरा.

पहिल्याला नळाचा वायसर हवा होता. बाहेर लिहिलेला माल आत नाही म्हणणं, हा निरीक्षकांच्या लेखी गुन्हा. अशांवर त्यांनी स्वतः खटले भरलेले. त्यांनी मुकाट्यानं आपल्या न्हाणीघरातला नळ खोलला. मग शिडी गेली, केकचं भांडं गेलं, बैठकीतला बल्ब गेला.

"अहो, उद्या मलाही कुणी मागेल!" बायको कडाडली. "ती पाटी काढा आधी!"

"कशानं काढू? हातोडी तिसऱ्या मजल्यावर गेलीय."

रंगारी फोनवर म्हणाला, "शनिवारी येतो. कुठल्या, ते नंतर कळवतो."

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा शिंपी आला. "काका, शिलाई मशीनचा पाय हलतोय. खाली सारायला काही चपटं आहे का?"

निरीक्षक इकडेतिकडे बघेपर्यंत बायकोनं पलंगाखाली हात घातला. "हे न्या. जाडी अगदी बेताची आहे."

शिंपी कथासंग्रह काखेत मारून गेला. निरीक्षकांचा चेहरा एवढासा झाला.

"काहीतरी खपतंय, तर खपू द्या की," बायको म्हणाली. पण त्या रात्री ते जेवले नाहीत. लेखक नाही ते नाहीच, वर आता पाचर तयार करणारे झालो, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

सकाळी शिंपी पुन्हा दारात.

"काका, तसलंच अजून एक द्या."

"अजून हलतंय?"

"परत हलायला लागलं ना! केर काढताना बायकोनं ते उपसून बघितलं, आणि वाचतच बसली. दूध उतू गेलं तरी उठली नाही. मधेच खुदकन हसते, का ते मला सांगत नाही. वर म्हणते, विचारून या, हे लेखक राहतात कुठे?"

"कोण राहतात?"

"लेखक हो. ज्यांनी लिहिलंय ते. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

निरीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"मी," ते म्हणाले. एवढं एक अक्षर, पण तीस वर्षं दातामागे अडकलेलं.

शिंप्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि जिन्याकडे तोंड करून हाक दिली, "अगं ए, लेखक सापडले! हे आपले साहित्यवाले काकाच निघाले!"

निरीक्षकांना एकदम हलकं वाटलं. परक्या माणसानं तपासणी केली होती, शिक्काही त्यानंच मारला होता. ते पलंगाखाली वाकले आणि दोन प्रती घेऊन आले.

"ही मशीनखाली घाला. आणि ही हाताशी ठेवा."

"दुसरी कशाला, काका?"

"खालची तुम्ही वाचायला काढाल, तेव्हा लागेल."