न वाचल्याचं प्रतिज्ञापत्र

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञान व सामाजिक विचार’ अशी पाटी लावलेला एक अख्खा कप्पा होता आणि त्यात पाटीखेरीज काहीही नव्हतं. ग्रंथपाल ज्योत्स्ना तो आठवड्यातून दोनदा पुसायची. रिकामा कप्पा भरलेल्या कप्प्यापेक्षा लवकर मळतो, असं तिचं निरीक्षण होतं. ती रसायनशास्त्राची पदवीधर असल्यामुळे निरीक्षणाला मत म्हणत नसे.

अकरा वर्षांत त्या कप्प्यासाठी पहिला वाचक आला तो श्रावणात. वाहेदभाई, वय एकाहत्तर. आयुष्य शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात गेलेलं.

“मॅडम, मोठमोठ्या लोकाइनं लय इचार केला म्हणतेत. काय केला, थो एकडाव सुरुवातीपासून पाह्यचा हाय,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हणते काचबिंदू हाय. दिवाळीपर्यंत वाचता येईन. मंग नाही.”

कोणतं पुस्तक द्यायचं हे ज्योत्स्नाला माहीत होतं. पहिल्या विचारवंतापासून आजपर्यंतचा सगळा इतिहास, सरळ मराठीत, सहाशे बारा पानं. एका उसन्या प्रतीवरून तिने ते दोनदा वाचलं होतं; ती प्रत केव्हाच परत गेली होती. रोज आठ पानं धरली तर सत्त्याहत्तर दिवस लागणार होते आणि दिवाळीला नव्वद होते. हिशेब जमत होता. जमत नव्हतं ते पुस्तक. त्याच्या तीनशेच प्रती निघाल्या होत्या आणि त्यातल्या दोनशे एक्याण्णव अमरावतीच्या ‘वऱ्हाड ग्रंथ-शिफारस मंडळा’च्या भांडारात होत्या. मंडळाची शिफारस झाल्याशिवाय भांडारातून ग्रंथ बाहेर पडत नसे.

तिने शिफारसीचा अर्ज भरला. स्तंभ सातमध्ये ‘शिफारसकर्त्याने ग्रंथ वाचला आहे काय?’ असं विचारलं होतं. तिने लिहिलं, ‘होय, दोनदा.’

बारा दिवसांनी अर्ज परत आला. ‘स्तंभ ७ मधील उत्तरावरून आपला सदर ग्रंथाशी पूर्वसंबंध असल्याचे निदर्शनास येते. सबब आपली शिफारस निःपक्ष मानता येत नाही.’

ज्योत्स्नाने एसटी पकडली आणि अमरावती गाठली. मंडळात उत्तमराव नावाचे अधिकारी याद्यांच्या गठ्ठ्यांमागे बसले होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि सहानुभूतीने मान हलवली.

“दोनदा वाचलं म्हणता मॅडम तुमी. एकडाव असतं तं अनवधानानं झालं म्हणून मिटवलं असतं.”

“पण न वाचता शिफारस करायची कशी?”

“काहून? मंडळानं आजवर चार हजार ग्रंथांची केली. एकबी तक्रार नाही आली.”

“वाचल्याशिवाय तक्रार कोण करणार?”

“तेच तं सांगून राहिलो!” उत्तमराव प्रसन्न झाले. “ज्यानं वाचलं त्याले एखांदं पान आवडते, एखांदं खटकते. झाला ना पक्षपात? न वाचलेला माणूस सगळ्या पानाइले सारखा.”

मग त्यांनी खणातून नमुना ‘क’ काढून दिला. तीन प्रौढ नागरिकांनी पंच म्हणून सह्या करायच्या होत्या. मजकूर तयार होता: ‘मी सदर ग्रंथ वाचलेला नाही, वाचत नाही व यापुढेही वाचणार नाही, मात्र तो प्रत्येकाने वाचावा असे माझे ठाम मत आहे.’

“तीन माणसं तं तुमच्या वाचनालयाच्या पायरीवर भेटतीन,” उत्तमराव म्हणाले.

ज्योत्स्नालाही तसंच वाटलं. विद्यार्थीदशेपासून तिला संभाव्यतेचं गणित चांगलं यायचं.

पहिल्यांदा ती वाचनालयाच्या अध्यक्षांकडे गेली. निवृत्त प्राचार्य सूर्यभानजींनी नमुना ‘क’ चष्म्याखालून पाहिला, मग चष्म्यावरून पाहिला.

“न वाचलेला? आणि मी? ज्योत्स्नाबाई, अहो, माझा सगळा पाया या ग्रंथावर उभा आहे.”

“हो का सर? काय आहे त्यात?”

“खोल आहे,” सर म्हणाले आणि नमुना ‘क’ नीट घडी घालून परत दिला.

वाचकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप किशोर नावाचा एक जण चालवायचा. दर रविवारी तो ‘मरण्याआधी वाचायलाच हवीत अशी पन्नास पुस्तकं’ टाकायचा. दर रविवारी नवी पन्नास. त्याने फोन वरखाली सरकवत विचारलं, “नाव सांगा बरं ताई. हं, मार्चच्या यादीत हाय, चौदा नंबरले. मंग वाचलेलंच असन मी.”

एका वकिलांनी न वाचल्याचं तोंडी कबूल केलं, पण लेखी द्यायला नकार दिला, कारण मुलीची सोयरीक जमत होती. पंधरा दिवसांत ती तेवीस प्रतिष्ठितांना भेटली. वकील सोडले तर बाकी बावीस जणांनी तो ग्रंथ पूर्वीच वाचला होता. भांडाराबाहेर संपूर्ण महाराष्ट्रात प्रती होत्या नऊ. ज्योत्स्नाने आकडे पुन्हा तपासले. आकडे बरोबर होते.

दिवाळीला साठ दिवस उरले.

वाचनालयाच्या पायरीवर पेरू विकणाऱ्या मैनाबाईने तिचा चेहरा पाहून विचारपूस केली. ऐकून ती एवढी हसली की दोन पेरू टोपलीतून घरंगळले.

“नाही वाचलं, एवढंच लेहून द्याचं? आन इकडं कागद! हे मोठे लोकं एवढ्यालेच भेतेत व्हय माय?”

पहिली सही झाली. दुसरी वाहेदभाईंच्या घरी झाली. त्यांच्या पत्नी हलीमाबींनी कागद पुढे ओढला. “मैं इनकी नई सुनती, किताब क्या पढूंगी! कहां करना दस्तखत?”

तिसरी सही राहिली. वाहेदभाईंनी कागद घेतला आणि डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला. ‘यापुढेही वाचणार नाही’ या ठिकाणी ते थांबले.

“तुम्ही नका, भाई,” ज्योत्स्ना घाईने म्हणाली. “तुमच्याचसाठी तर मागवतेय. मी अजून कोणी शोधते.”

“कधी भेटन थो कोनी? पंधरा दिवस फिरल्या तुमी.” त्यांनी पेन मागितला. “पुस्तक तं येऊ द्या गावात. मी नाही तं दुसरा कोनी वाचन.”

त्यांनी सही केली. मशिनची सुई बसवावी तशी, न हलता.

ग्रंथ तीन आठवड्यांत आला, ‘शिफारसप्राप्त’ शिक्क्यासह. कप्प्याला काच लावण्यात आली. सूर्यभानजींच्या हस्ते फीत कापली गेली. अर्धं जुनं शहर पाहायला आलं, काचेसमोर उभं राहून फोटो काढले आणि ‘जुन्या मित्राला भेटल्यासारखं वाटलं’ असं अभिप्रायवहीत लिहून गेलं. मात्र ग्रंथ घरी कोणी नेला नाही. नेला तर देवघेवीच्या वहीत नाव येणार आणि वाचलेलं पुस्तक माणूस कशाला नेईल, असं शेजारी विचारणार. वही कोरी राहिली. वाहेदभाई रोज येऊन काचेसमोरच्या बाकावर बसत, काचेला हात न लावता. शब्द दिला होता.

ज्योत्स्नाला रसायनांच्या बाटल्यांवरच्या सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय होती. पाचव्या दिवशी तिने प्रतिज्ञापत्राची प्रत काढून तशीच वाचली. पंचाने वाचायचं नव्हतं. ऐकण्यासंबंधी मंडळाने कोणतंही धोरण ठरवलेलं नव्हतं. तिच्यापुरतं बोलायचं तर तिचा पूर्वसंबंध मंडळाच्या दप्तरी आधीच नोंदलेला होता, त्यात आणखी बिघडण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी तीनला तिने काच उघडली, वाहेदभाईंशेजारी खुर्ची ओढली आणि पान एकपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. रोज आठ पानं. दिवाळीची मुदत आपोआप रद्द झाली. कानांबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते.

आठवड्याभरात वर्तमानपत्रांच्या टेबलाला तीन वाजताच गर्दी होऊ लागली. सूर्यभानजी यायचे, किशोर यायचा, वकीलसाहेब यायचे. पाऊण तास कोणाच्याही पेपरचं पान उलटत नसे. एका दुपारी ज्योत्स्नाचा घसा बसला होता. ती एका अवघड परिच्छेदात होती, तेवढ्यात वाहेदभाईंनी तिच्या हाताला हलकेच स्पर्श केला.

“मॅडम, जरा मोठ्यानं वाचा. मले येऊन राहिलं आयकू. मांगच्या साहेब लोकाइले नाही येत.”

टेबलावरचे पेपर एकदम वर सरकले. ज्योत्स्ना पाणी प्यायली आणि तिने परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून घेतला.

त्या ग्रंथाचं नाव या गोष्टीत दिलेलं नाही. देण्याची गरज नव्हती. आपण तो वाचलेलाच असणार.