कारंजं बंद, शिक्का चालू

पर्यटन कार्यालयातल्या ज्येष्ठ लिपिकांना सगळं खातं परिपत्रककाका म्हणत असे. शहर कसं पाहावं, याचे बेचाळीस नियम त्यांनी स्वतः लिहिले होते. शहर मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तरीही एका रविवारी काका शहर पाहायला निघाले, त्याला कारण काकू. मनोऱ्यावरच्या भोजनगृहात, खिडकीपाशी बसून, सगळं शहर बघत तुला जेवायला घालीन, असा शब्द काकांनी लग्नात दिला होता. त्याला एकतीस वर्षं झाली. आणि सोमवारपासून भोजनगृह दुरुस्तीसाठी दोन वर्षं बंद राहणार होतं.

"दोन म्हणजे सात," काकू चपला घालता घालता म्हणाल्या. "तुमचं खातं मला चांगलं ठाऊक आहे. आज जेवायचं म्हणजे जेवायचं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही घातलेलं नाही मी."

नियम नववा असा होता, की मनोऱ्यावर जेवणाऱ्याच्या पुस्तिकेत आधी तीन प्रेक्षणीय स्थळांचे शिक्के हवेत. नुसत्याच खादाड लोकांची वर गर्दी होऊ नये, हा त्यामागचा उदात्त हेतू.

पहिलं स्थळ वस्तुसंग्रहालय. बाहेर शिक्क्याची खिडकी, आणि खिडकीपासून पार कोपऱ्यापर्यंत रांग. संग्रहालय आतून रिकामं होतं. एक रखवालदार पुतळ्याला टेकून डुलक्या घेत होता.

"अहो, तोवर आत एक चक्कर मारून येते," काकू म्हणाल्या.

"छे! रांगेतला नंबर जाईल."

"मग बघायचं कधी?"

"शिक्का मिळाल्यावर."

दोन तासांनी शिक्का मिळाला. त्यावर 'पाहिले' असं ठसठशीत उमटलं होतं. काकू दाराकडे वळल्या, तर रखवालदार खडबडून जागा झाला. ज्याने पाहिलं आहे त्याला पुन्हा पाहता येणार नाही, नियम सतरावा.

"कोणत्या मेल्याने लिहिलाय हा?" काकू कडाडल्या. काकांनी चष्मा पुसायला काढला. खरं तर नियमाची वाक्यरचना ऐकून त्यांना आतून बरं वाटत होतं.

दुसरं स्थळ कारंजं. तिथे पाण्याचा थेंब नव्हता. खिडकीतली बाई लोकर विणत होती. तिने मान वर न करताच सांगितलं, "कारंजं बंद आहे, शिक्का चालू आहे."

"अहो बाई, बंद आहे तर 'पाहिले' कसं?" काकूंनी विचारलं.

"बंद असलेलं पाहिलंत ना?"

काकांनी पुस्तिका पुढे केली.

तिसरं स्थळ बाग. तिथे शिक्क्याआधी अभिप्रायाचा फॉर्म भरायचा होता. प्रश्न एकच, 'आनंद झाला का?' उत्तरं दोन, 'होय' आणि 'अतिशय'. काकूंनी खाली तिसरं उत्तर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'भूक लागली.' फॉर्म परत आला.

"भूक हा अभिप्राय नाही," बागेचा अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाला. "ती स्थिती आहे. स्थितीचा अर्ज वेगळा."

शेवटी काकूंनी दातओठ खाऊन 'अतिशय' लिहिलं, आणि दुपारी चार वाजता दोघं मनोऱ्याच्या पायथ्याशी पोचली.

तिथे एक साधी खाणावळ होती. चार बाकं, एक तवा. तव्यावर अंडी चुरचुरत होती आणि पावाचा असा वास सुटला होता, की काकूंचे पाय आपोआप तिकडे वळले. काकांनी त्यांचा हात धरला.

"वाटेत खाल्लं की पुस्तिकेवर 'तृप्त' असा शेरा पडतो. तृप्त माणसाला मनोऱ्यावर प्रवेश नाही."

"आणि हे तपासतं कोण?"

तपासनीस पहिल्या पायरीवरच उभा होता. "आ करा," तो म्हणाला. काकूंनी आ केला. "पेपरमिंटचा वास येतोय."

"खोकल्याची गोळी आहे ती!"

"खोकला असल्याचा दाखला?"

काकांनी पिशवीतून दाखला काढून दिला. अशा वेळी काकूंना आपल्या नवऱ्याचा अभिमान वाटावा की धरणीने पोटात घ्यावं असं वाटावं, हे ठरेना.

दोघं वर पोचली. टेबल खिडकीपाशीच मिळालं. पण खिडकीच्या काचेवर काठोकाठ एक चित्र चिकटवलं होतं. चित्र शहराचं होतं.

"याच खिडकीतून काढलंय," वाढपी कौतुकाने म्हणाला. "बाहेर बघत बसलं की लोक सावकाश जेवतात. सबब हे, असा नियमच आहे."

'सबब' ऐकताच काकूंनी हळूच काकांकडे पाहिलं. काका शहराच्या चित्राकडे पाहू लागले.

मग ताट आलं. काय ताट होतं! भाताची मूद, चकचकीत भाज्या, कडेला काकडीची चकती. चकती जराशी कोमेजली होती, पण भुकेल्याला कशाचं काय? काकांनी फोटो काढला. काकूंनी चमचा उचलला आणि वाढपी किंचाळला.

"अहो बाई! ते फोटोचं ताट आहे! पलीकडचं टेबल थांबलंय."

"आणि जेवणाचं कुठंय?"

"जेवण दोनपर्यंत."

"तीन शिक्के घेऊन दोनच्या आत कोण पोचतं इथे?"

"कोणीच नाही," वाढपी म्हणाला. "म्हणून तर स्वयंपाक करत नाही."

काकूंनी चमचा खाली ठेवला. "'सबब' हा शब्द आख्ख्या जगात फक्त आमच्या घरात बोलला जातो," त्या शांतपणे म्हणाल्या. "परवा तुम्ही दूधवाल्यालासुद्धा म्हणालात. एकतीस वर्षं मी तुमच्या शब्दावर उपाशी बसले, आणि तुम्हीच हे नियम लिहून इथे कुलूप घालून ठेवलंत!" काकूंनी पर्स उचलली आणि तडक खाली गेल्या.

खाणावळीत शेजारच्या बाकावर मनोऱ्याचा आचारी जेवत होता. त्याने सरकून जागा दिली. काकूंनी अंडी मागवली, पाव मागवला, गरम सूप मागवलं. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या घासाला त्यांनी मान वर केली. बाकावरून मनोरा दिसत होता, त्यामागे संग्रहालयाचा घुमट, बागेतली झाडं, उन्हात पिवळं झालेलं सगळं शहर.

"अहो, या की! गरम आहे तोवर खा. किती छान दिसतंय इथून."

काका उंबऱ्यावर घुटमळले. पोटात कावळे ओरडत होते. पण हातात पुस्तिका होती, आणि पुस्तिकेत तीन शिक्के होते, एकही डाग नसलेले.

"'तृप्त' पडेल गं," ते केविलवाण्या आवाजात म्हणाले. "तू खा."

काकूंनी खाल्लं. काकांच्या वाटचंही खाल्लं. तोवर काकांनी उंबऱ्यावर उभ्याउभ्याच ताटाचा फोटो सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं, 'मनोऱ्यावर सहकुटुंब जेवलो. अविस्मरणीय!'

पहिलं उत्तर, वाचकहो, तुमचंच आलं. 'आम्हीही गेलो होतो. काय चव होती!' सोबत तुम्ही तुमचाही फोटो जोडला होता. काकूंनी तो मोठा करून पाहिला. काकडीची चकती तीच होती, फक्त तेव्हा जरा ताजी होती.