काट्याकडे पाठ

आमच्या शाळेतल्या मार्थाबाई दवाखान्यातल्या वजनकाट्यावर पाठमोऱ्या उभ्या राहतात. आकडा डॉक्टरांनी बघावा, स्वतःपाशीच ठेवावा आणि आपण कशासाठी आलोय ते आधी ऐकून घ्यावं, अशी त्यांची अट. एकदा कान ठणकतो म्हणून गेल्या, तर डॉक्टर म्हणाले, "आधी वजन उतरवा." बाई म्हणाल्या, "उतरवते की. पन माझा कान काय पोटात हाय का?"

जामखेडच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवतात. अंगानं चांगल्या भरलेल्या, साडी कायम कडक इस्त्रीची आणि चाल अशी झपाझप, की बरोबर निघालेला शिपाई मागे पडावा. आम्ही बाकीच्या बायका सकाळी लिंबूपाणी पिऊन दुपारपर्यंत एकमेकींवर चिडचिड करतो. बाई भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी निवांत खाऊन वरच्या मजल्यावरच्या वर्गावर न थांबता पोचतात. मी मधल्या जिन्यात, खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं दाखवत धाप टाकत असते. जाता जाता त्या म्हणतात, "काट्याला काय कळतंय?"

भेटल्याबरोबर "बारीक झालीस गं!" म्हणायची आपल्याकडे रीतच पडलीय. बाई ते कधीही म्हणत नाहीत. त्या विचारतात, "झोप लागती का? जेवन गोड लागतंय का?" लग्नाच्या मांडवात, नटूनथटून आलेल्या बाईलासुद्धा हेच. मला हा त्यांचा विक्षिप्तपणाच वाटायचा.

दिवाळीनंतर आम्ही शिक्षिकांनी एक स्पर्धा काढली. महिला दिनापर्यंत जी सगळ्यांत जास्त वजन घटवेल, तिला पैठणी. कल्पना माझी, त्यामुळे उत्साहही माझाच. खिचडीच्या तांदळाची पोती जोखायचा काटा आम्ही स्वयंपाकघरातून ओढत आणला आणि एकेक जण त्यावर चढली. मार्थाबाई लांबूनच म्हणाल्या, "मी काय तांदूळ हाय?"

पैठणी जिंकली प्रतिभानं. ही आमच्या ऑफिसातली क्लार्क. ना कधी चालायला गेली, ना कधी उपास केला, तरी ड्रेस अंगावर लोंबायला लागला होता. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि मनातून जळलोही.

"काय केलंस तरी काय?" मी विचारलं.

"काहीच नाही हो मॅडम. उलट दुप्पट जेवते."

"नशीबवान आहेस बाई!"

मार्थाबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या पुढे आल्या. "पानी लई पितीस का गं?"

"हो. रात्रीसुद्धा उठून."

"दमायला हुतं?"

प्रतिभानं मान हलवली आणि तिचे डोळे एकदम भरून आले. बाईंनी तिच्या हातातली पैठणी काढून माझ्याकडे दिली, तिच्या खांद्याला तिची पर्स अडकवली आणि म्हणाल्या, "चल. आत्ताच्या आत्ता." मीही पैठणी काखेत मारून त्यांच्यामागे पळाले.

दवाखान्यात रक्त तपासलं. साखर इतकी चढली होती, की डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून घेतलं. "आणखी थोडे दिवस गेले असते तर बेशुद्धीतच आणावं लागलं असतं," ते म्हणाले. आम्ही तिच्या आजाराला बक्षीस दिलं होतं.

प्रतिभाला सलाईन लागलं, तिची आई येऊन उशाशी बसली आणि आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर आलो.

"तुमच्या कसं लक्षात आलं?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "आमचे हे असेच, रात्री उठून पानी पीत, बारीक हुत गेले. मला लई आनंद. पँटी कमरेत ढिल्या झाल्या, की मी शिलाईमशीन काढून त्यांची शिवन आत घ्यायचे. गाणं म्हनत. लग्नातला कोट अंगाला बसाया लागला, तर तोच घालून चर्चला नेलं. समदे म्हनायचे, आता कसे तरुन दिसत्यात. आनि मी हसायचे."

बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, एवढंच आम्हाला माहीत होतं. कशानं गेले, ते कधी कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.

"त्या पँटी अजून कपाटात हायेत," बाई म्हणाल्या. "ते गेल्यावर सगळ्यांची शिवन उसवली मी. पयल्यासारख्या मोठ्या करून ठिवल्यात."